जुन्या घराची दुरुस्ती : चुना, सिमेंट आणि आधीच्या पिढ्यांचे हात

घर एकदाच बांधले जाते. दुरुस्त मात्र पिढ्यान् पिढ्या होत राहते. महाराष्ट्रातील पेठांमधून व बाजारगावांतून आज उभी असलेली शंभर-दीडशे वर्षांची घरे नीट न्याहाळली, तर मूळ बांधणाऱ्याच्या कामाइतकीच नंतरच्यांनी केलेली डागडुजी नजरेत भरते. सागवानी खांबाला सिमेंटचा पाया लावलेला असतो, पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो, कोनाडे विटांनी बुजवलेले असतात आणि तक्तपोशीवर शहाबादी फरशी बसवून न्हाणीघर काढलेले असते.

असे घर वारशाने, वाटणीने किंवा खरेदीने नव्या हाती येते, तेव्हा प्रथम दिसते ती ओल, गळणारे छप्पर आणि सुटलेले पोपडे. ‘घर जुने झाले, आता पाडलेले बरे’ हा सल्ला मग चारी बाजूंनी मिळू लागतो. परंतु घराचे दुखणे तपासू लागले की बहुधा असे आढळते की, दोष घराच्या वयाचा नसून गेल्या साठ-सत्तर वर्षांत चुकीच्या साहित्याने आणि घाईने झालेल्या दुरुस्त्यांचा आहे. या चुका कशा घडल्या हे समजल्याखेरीज त्या सुधारता येत नाहीत. म्हणून या दुरुस्त्यांचा इतिहास पाहणे हे निव्वळ कुतूहलाचे काम नाही; घर वाचवायचे की पाडायचे, हा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

घराची मूळ प्रकृती

देशावरील जुन्या घराचे जोते काळ्या दगडाचे असे. त्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया आणि कडेपाट अशी लाकडी चौकट उभी राही. घराचे माप ‘खणां’त सांगितले जाई ते याच चौकटीमुळे. छपराचा व माळ्याचा बराचसा भार लाकडाकडे असे. भिंती आडोसा आणि गारवा देत. भिंतीत ऐपतीप्रमाणे चुन्यात बांधलेल्या पातळ विटा, मातीत रचलेले दगड किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे असत. मराठवाडा व सोलापूर भागात वर मातीचे माळवद असे; पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात कौलारू छप्पर असे. कोकणात भिंतीसाठी जांभ्याचा चिरा आणि गोमंतकात समुद्रातील शिंपले भाजून केलेला चुना वापरात होता.

या सर्व साहित्यात एक गुण समान होता. माती, चुना, पातळ वीट आणि लाकूड ही ओल शोषून घेतात आणि ऊन पडले की सोडून देतात. पावसाळ्यात भिंत दमट होई आणि हिवाळ्यात कोरडी होई.

चुन्याची कृती विलक्षण आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की मऊ होतो, वाळूसह घाणीत मळला की गिलाव्यास योग्य होतो आणि भिंतीवर लावल्यावर हवेतील तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगडासारखा बनतो. आपल्याकडील कंकर जातीच्या चुनखडीत मातीचा अंश असल्याने तिचा चुना दमट जागीही धरतो. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे जे वर्ग केले आहेत, त्यांत कंकर चुन्याला स्वतंत्र स्थान आहे.

चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद, हिरडा यांचे पाणी किंवा तागाचे तंतू घालण्याची प्रथा होती. मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू मिसळण्याची परंपरा तर फार प्राचीन आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवून देण्यात आले.

वर्षाची डागडुजी

अशा घराला दुरुस्ती लागतच असे. किंबहुना ते सतत दुरुस्त करण्यासाठीच बांधलेले असे. मृगापूर्वी छप्पर शाकारणे, फुटकी कौले बदलणे, माळवदावरची माती चोपणे, पन्हळी साफ करणे, जमीन सारवणे आणि दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देणे ही कामे घरोघर होत. मोठ्या कामाला गवंडी, सुतार व पाथरवट बोलावले जात. बाकीचे काम घरातील माणसेच करीत. स्वतःच्या हाताने घर दुरुस्त करणे ही आजची नवी हौस नव्हे; ती जुनी गृहस्थी होती.

या रीतीचा मोठा लाभ असा की, दुरुस्तीचे साहित्य आणि घराचे साहित्य एकच असे. मातीवर माती आणि चुन्यावर चुना बसे. हात कच्चा असला तरी चूक फार खोल जात नसे. वाईट सारवण पुढच्या आठवड्यात झाकले जाई आणि चुन्याचा खराब हात पुढच्या दिवाळीत सुधारे.

तरीही ही रीत निर्दोष होती असे नाही. माळवद गळू लागले की जुनी माती न काढता वर नवी माती टाकण्याचा प्रघात पडला. दर काही वर्षांनी एक थर वाढे. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडील माती टाकीत आणि त्यावर मुलगा. छपराचे वजन वाढत होते, परंतु ते डोळ्यांना दिसत नव्हते. या सोप्या उपायाची किंमत पुढे मराठवाड्याला फार मोठी मोजावी लागली.

सिमेंटचे आगमन

इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली ‘पोर्टलँड सिमेंट’चे पेटंट घेतले. भारतात १९०४ साली मद्रास येथे सिमेंट तयार करण्याचा पहिला प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ साली उत्पादन सुरू झाले आणि पहिल्या महायुद्धामुळे आयात अडल्याने देशी सिमेंटला बाजार मिळाला. १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ ही संस्था मुंबईत स्थापन झाली. त्यानंतर सिमेंट हे केवळ पूल, गोद्या आणि सरकारी इमारतींचे साहित्य राहिले नाही. ते हळूहळू घराघरांत पोहोचले.

सिमेंटचे गुण खरे होते. ते लवकर धरते, पाण्यातही धरते, त्याला महिनोन् महिने मुरवावे लागत नाही आणि घाणी, बैल व कुशल कारागीर यांची गरज उरत नाही. पाण्याची टाकी, गटार, पाया किंवा स्लॅब यांसाठी त्याची योग्यता वादातीत आहे. चूक सिमेंटमध्ये नव्हती. ते कोठे वापरावे याचा विचार सुटला, ही चूक होती.

मातीच्या किंवा चुन्याच्या मऊ भिंतीवर सिमेंटचा कठीण थर दिला की तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. जमिनीतून चढणारी ओल तीन फूट सिमेंट केले तर त्याच्या वर चौथ्या फुटावर प्रकट होते. मग आणखी सिमेंट लावले जाते आणि ओल आणखी वर जाते. दुसरी म्हणजे ओलीबरोबर आलेले व सिमेंटमधील विद्राव्य क्षार भिंतीच्या पृष्ठभागाशी साठतात. भिंतीला लोणा लागतो, वीट भुगा होते, पण वरचे सिमेंट शाबूत दिसते. तिसरी म्हणजे ऊन-पावसाने मऊ भिंत आणि कठीण थर वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, बारीक भेगा पडतात, त्यांतून पावसाचे पाणी आत शिरते आणि मागे अडकून बसते. भिंतीत गाडलेली तुळईची टोके या दमट अंधारात कुजतात आणि वाळवीला वाट मोकळी होते. बाहेरून घर पक्के दिसते आणि आतून पोकळ होत जाते.

टंचाई, भाडे आणि तात्पुरते उपाय

आधीच्या मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु त्यांच्यापुढील परिस्थिती पाहिली पाहिजे. मुंबई राज्यातील १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले गेले. भाडेकरूंना संरक्षण मिळाले व त्याची गरजही होती. परंतु महागाई वाढत असताना भाडे गोठल्याने दुरुस्तीवर खर्च करण्याची मालकाची शक्ती आणि इच्छा दोन्ही आटली. घराचा मालक एक आणि राहणारा दुसरा झाला. एकाने खर्च करावयाचा नाही व दुसऱ्याला अधिकार नाही, अशा अवस्थेत गळती थांबवण्यापुरते ठिगळ लागत गेले. मुंबई शहरात धोका इतका वाढला की १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तेव्हा दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची तरतूद झाली. तोवर दुरुस्तीविना दोन पिढ्या गेल्या होत्या.

सिमेंटवरही नियंत्रण होते. १९८२ साली ते अंशतः व १९८९ साली पूर्णपणे उठले. तोपर्यंत परवान्यावर मिळेल तेवढ्या पोत्यांत काम भागवावे लागे. कमी सिमेंट आणि जास्त वाळू, न धुतलेली खाडीची वाळू, पाणी न मारता सोडलेला गिलावा, साठवून गोळे झालेले सिमेंट असे दोष त्या काळातील पुष्कळ कामांत आढळतात. खाडीच्या वाळूतील मिठाने आतील लोखंड गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. लाकडी तुळईऐवजी घातलेल्या लोखंडी गर्डरचेही अनेक घरांत असेच झाले.

दरम्यान चुन्याच्या घाण्या थांबल्या. चुना मळणारा, मुरवणारा आणि घोटणारा कारागीर सिमेंटच्या कामाकडे वळला. ज्याला जुन्या भिंतीची भाषा समजत होती तो गवंडी वृद्ध झाला आणि त्याचा मुलगा थापीने सिमेंटच मारू लागला. त्यामुळे नंतरच्या मालकाने योग्य काम करावयाचे ठरवले, तरी ते सांगणारा माणूस त्याला मिळेना.

घरात आलेले पाणी

आणखी एक बदल ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या घरात पाणी आडावर, अंगणात किंवा मागील पडवीत असे. नळ आले, मोरी स्वयंपाकघरात आली. कुटुंबे विभागली, वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली गेली आणि तिच्यासोबत मोरी, न्हाणीघर व पुढे शौचकूपही वर गेले. सोय आवश्यक होती, पण ती लाकडी तक्तपोशीवर विटा रचून आणि वर सिमेंट ओतून करण्यात आली. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते; सिमेंट ते सोसत नाही. सांध्यात भेग पडते आणि थेंब थेंब पाणी वर्षानुवर्षे तुळईत मुरत राहते. पाडण्याची वेळ आलेल्या अनेक घरांत सर्वांत कुजलेला भाग न्हाणीघराखालीच सापडतो.

पुण्याला १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून महापूर आला. नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा अशा पेठांतील कित्येक घरांच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या. मातीचे घर म्हणजे धोक्याचे घर ही भावना त्यानंतर दृढ झाली आणि ती अस्वाभाविक नव्हती. परंतु नदीचा पूर आणि रोजची ओल यांचे उपाय एकच नसतात. पुराच्या भीतीने उंचावरच्या, सुरक्षित घरांतील भिंतींनाही सिमेंटचे वेष्टन चढले.

अजिंठ्याचा धडा

सद्भावनेने व तज्ज्ञांच्या हातून झालेली दुरुस्तीही पुढे दोषास्पद ठरू शकते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीतच आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीशी बसवला, हे त्यांचे मोलाचे काम होते. मात्र चित्रांवर चपड्या लाखेचे रोगण देण्यात आले. तेव्हा रंग उजळ दिसले. पुढे रोगण पिवळे पडले, धूळ धरू लागले आणि चित्रे झाकोळली. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना हेच रोगण अतिशय सावकाश उतरवण्याचे काम करावे लागले.

घराच्या दुरुस्तीलाही हाच न्याय लागू पडतो. जे लावले ते पुढे काढता येईल का, हा प्रश्न लावण्यापूर्वी विचारावयाचा असतो. चुन्याच्या भिंतीवरील चुन्याचा थर काढता येतो. तैलरंग, प्लॅस्टिक रंग आणि सिमेंट मात्र निघताना मूळ भिंतीचा लचका घेऊनच निघतात.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती आणि जड माळवदे यांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. पाहणीत दोष स्पष्ट झाले. भिंतीचे आतले व बाहेरचे दगड एकमेकांत गुंफणारे आरपार दगड नव्हते. मधला भाग दगडचिपा व मातीने भरलेला होता. त्यामुळे भिंतीचे दोन पापुद्रे सुटून पडले. माळवदावर पिढ्यान् पिढ्या चढलेल्या मातीने छपराचे वजन अतोनात वाढले होते. अनेक ठिकाणी मात्र भिंती कोसळूनही लाकडी खण उभे राहिले. जुन्या रचनेचे बळ कोठे होते आणि तिच्यात शिरलेली निष्काळजी कोठे होती, हे दोन्ही त्या ढिगाऱ्यांनी एकाच वेळी दाखवले.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. परंतु त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे दोन लाखांच्या जवळपास घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करण्याच्या योजनेत होती. त्यांत घरमालकाने स्वतः साहित्य आणावे, स्वतः देखरेख करावी आणि शासनाने हप्त्याने रक्कम व तांत्रिक सल्ला द्यावा, अशी रीत होती. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या आणि घर कसे मजबूत करावे हे स्त्रियांनी स्त्रियांना समजावून सांगितले.

उपाय साधे होते. माळवदावरची अनावश्यक माती उतरवावी, पातळ थराखाली प्लॅस्टिकचा कागद घालून गळती थांबवावी, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळई व काँक्रीटचा बांध घालावा आणि खांब-तुळईच्या कोनात तिरके आधार द्यावेत. भूकंपात जुनी इमारत दुरुस्त व मजबूत करण्याविषयीचे भारतीय मानक १३९३५ हेही १९९३ सालचेच आहे. येथे योग्य जागी वापरलेले सिमेंट माणसाचे प्राण वाचवते, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि अनेक कुटुंबांनी मिळालेल्या पैशांतून जुने घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुन्या घरावरची माती तशीच राहिली. आधीची चूक काढून टाकण्यापेक्षा नवे काहीतरी बांधणे मनाला अधिक समाधान देते. जुन्या घरांच्या बहुतेक दुर्दशेचे मूळ याच स्वभावात आहे.

चूक ओळखावी कशी

जुने घर हाती आल्यावर शक्य असेल तर एक पावसाळा ते नुसते पाहावे. कोणत्या भिंतीला कधी ओल येते, ती खालून चढते की वरून उतरते, पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साठते का, याची पेन्सिलने भिंतीवर तारखेसह खूण करावी. खालून सारख्या उंचीपर्यंत असलेली ओल जमिनीची. एकाच जागी डागासारखी असलेली ओल नळाची किंवा मोरीची. छताशी सुरू होणारी ओल कौलांची अथवा पन्हळीची असण्याचा संभव अधिक. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख घालावी. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे असे समजावे.

गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे; बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. तुळईच्या टोकाशी टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. ओळंबा सोडून भिंतीचा फुगवटा मोजावा. आपल्या घराच्या भिंतीत माती आहे, चुना आहे की सिमेंट, हे एखाद्या आडोशाच्या जागी तळहाताएवढा भाग उघडून पाहावे. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, धीर लागतो.

आधी काढणे, मग घालणे

दुरुस्तीचा क्रम चुकला की चांगले साहित्यही वाया जाते. प्रथम पाणी थांबवावे : छप्पर, पन्हळी, नळ आणि मोरी. मग जोत्याभोवती चढलेली माती व फरसबंदी उतरवून पाण्याला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा. त्यानंतर भिंतीवरील सिमेंट हलक्या हातोडीने व छिन्नीने थोडे थोडे काढावे. जेथे ते घट्ट धरून आहे आणि ओढल्यास वीटच फुटते, तेथे ते तूर्त राहू द्यावे. मग भिंत वाळू द्यावी. दर इंच जाडीला सुमारे एक महिना असा ढोबळ अंदाज आहे. दीड फूट भिंतीला दीड वर्षदेखील लागू शकते. ओल्या भिंतीवर गिलावा करण्याची घाई हीच आधीच्या मालकांची सर्वांत सामान्य चूक होती, आणि नवा मालक नेमकी तीच पुन्हा करतो.

चुन्याचा गिलावा साधारणपणे एक भाग चुना व तीन भाग धुतलेली, खरबरीत वाळू या प्रमाणात करतात. थर अर्ध्या इंचाहून जाड देऊ नये; पहिला धरल्यावरच दुसरा द्यावा; उन्हापासून झाकून काही दिवस ओलसर ठेवावा. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा योग्य. वर चुन्याच्या सफेदीचे पातळ हात अनेक द्यावेत, जाड हात एक देऊ नये. कळीचा चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो. म्हणून चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे असावेत आणि मुलांना दूर ठेवावे. बाजारातील सफेदीची भुकटी गिलाव्याच्या कामाची असतेच असे नाही. साहित्य घेण्यापूर्वी लहान तुकडा लावून महिनाभर पाहणे शहाणपणाचे ठरते.

लाकडाचा कुजलेला भाग तेवढाच कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा सांधा द्यावा. संपूर्ण तुळई बदलण्याची गरज दर वेळी नसते. बुजवलेले कोनाडे व झरोके उघडले की घरात पुन्हा वारा खेळतो, आणि भिंत वाळण्यास वाऱ्यासारखा सहायक नाही.

स्वतः करावयाचे आणि न करावयाचे

कौले बदलणे, पन्हळी साफ करणे, पोकळ गिलावा काढणे, दरजा भरणे, सफेदी देणे, लाकूड घासून तेलपाणी करणे ही कामे घरातील माणसे शिकून करू शकतात. पूर्वी ती तशी होतच होती. परंतु खांब हलवणे, तुळई बदलणे, भिंत काढून दोन खोल्या एक करणे, फुगलेली भिंत उतरवणे आणि विजेची जोडणी ही हौसेची कामे नव्हेत. त्यासाठी स्थापत्य अभियंत्याचा व परवानाधारक वायरमनचा सल्ला घ्यावा. टेकू दिल्याखेरीज भाराच्या लाकडाला हात लावू नये. धोकादायक ठरवलेल्या इमारतीत राहून दुरुस्ती करण्याचा आग्रह तर कधीच धरू नये. घर वाचवणे महत्त्वाचे आहे, पण ते माणसांसाठी आहे.

परिस्थिती आता काहीशी अनुकूल झाली आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’ या संस्थेने वारसा-जतनाचा विषय सर्वदूर नेला. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींविषयीची नियमावली लागू झाली. चुन्याच्या कामाचे महत्त्व वास्तुविशारदांना पुन्हा पटू लागले आहे. घर वारसा यादीत असेल तर काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक संस्थेची परवानगी घेणे आवश्यक असते.

पुढच्यांसाठी

जीर्णोद्धार हा शब्द जैन समाजाला परका नाही. विसाव्या शतकात रणकपूर व दिलवाडा येथील मंदिरांचे काम कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने झाले, तेव्हा जुन्या संगमरवराशी जुळणारा दगड मिळवून परंपरागत सोमपुरा कारागिरांच्या हातून ते करवून घेण्यात आले. मंदिराला जी मर्यादा लागू, ती राहत्या घराला लागू नसते. घरात माणसे राहतात, मुले वाढतात, वृद्धांना सोयी लागतात, आणि त्यासाठी बदल करावेच लागतात. परंतु जुन्यात नवे मिसळताना जुन्याची जात ओळखावी, एवढा धडा घरानेही घेण्यासारखा आहे.

आधीच्या मालकांची पुष्कळशी कामे आज चुकीची वाटतात. त्यांना चुन्याचा कारागीर मिळत नव्हता, पैसा नव्हता, सिमेंटचे पोते परवान्यावर येत होते आणि पावसाळा दाराशी उभा होता. आजच्या मालकाला अधिक माहिती आहे, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक आहे. त्याने एक साधी वही ठेवावी : कोणती भिंत केव्हा उघडली, आत काय सापडले, कोणते साहित्य कोणत्या प्रमाणात लावले, नळ व तारा कोठून नेल्या. एखादे छायाचित्र व हाताने काढलेला नकाशा त्यात चिकटवावा आणि ती वही घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. पंचवीस-तीस वर्षांनी ते घर ज्याच्या हाती जाईल, त्याला छिन्नी उचलण्यापूर्वी ती वाचता येईल, आणि भिंतीत काय आहे हे भिंत न फोडता समजेल.